ध्यान लागतं, की करायचं असतं?

मराठीत आपण म्हणतो, ‘त्याचं ध्यान लागलं.’ झोप लागते, तहान लागते, ठेच लागते, तसंच ध्यान लागतं. जे लागतं ते आपण करत नाही. पण ‘मी रोज सकाळी ध्यान करतो’ असंही आपणच म्हणतो. मग यातलं शिकवायचं काय?

पतंजलींनी हा भेद फार बारकाईने पाहिला आहे. योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात आधी धारणा येते, म्हणजे चित्त एका जागी बांधणं. बांधणं ही कृती आहे; ती सांगता येते, करवून घेता येते. लगेच पुढच्या सूत्रात ध्यान येतं, आणि तिथे बांधणं नाही. तोच प्रत्यय, म्हणजे मनातली तीच एक जाणीव, अखंड वाहत राहतो, एवढंच. शिकवणाऱ्याची हद्द मला या दोन सूत्रांच्या मध्ये दिसते.

श्वास मोजून पाहा. एक ते दहा, मग पुन्हा एक. चारपर्यंत ठीक चालतं. मग कुणाचं तरी लागट बोलणं आठवतं, द्यायचं राहिलेलं उत्तर सुचतं, आणि एकदम लक्षात येतं की आपण ‘सतरा’ म्हणतोय. अरे, मी इथे नव्हतोच! हे तुम्हाला कुणी सांगितलं? गुरूने नाही. तुम्ही ठरवून आणलं असंही नाही, कारण ठरवणारा तर त्या भांडणात गुंतला होता. ते भान आपसूक आलं. ते आणून द्यायची युक्ती माझ्याकडे नाही. मला शिकवता येतं ते त्याच्या पुढचं: चिडायचं नाही, पुन्हा एक. बहुतेक जण इथेच अडतात. सतरा दिसलं की स्वतःला बोल लावत बसतात, आणि त्यात आणखी वीस श्वास निघून जातात.

विपश्यना ध्यान शिकवणाऱ्या सत्यनारायण गोएंकांनी १९६९पासून भारतात दहा दिवसांची शिबिरं घेतली. त्यात पहिले तीन दिवस नुसता श्वास. तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींनी १९२९मध्ये इतरांनी त्यांच्याभोवती उभी केलेली संघटना बरखास्त केली. पद्धत नको, गुरू नको, हे ते १९८६पर्यंत सांगत राहिले. हे दोघं एकमेकांना खोडून काढतात असं मला पूर्वी वाटे. आता वाटतं, एक बांधण्याविषयी बोलतो, दुसरा लागण्याविषयी.

एक मात्र कळकळीने सांगतो. डोळे मिटले की काहींना जुनं दुःख अंगावर येतं, छाती धडधडते. त्यांना ‘सहन करा, बसून राहा’ म्हणणं चूक आहे. डोळे उघडावेत, उठून चालावं, गरज पडली तर डॉक्टरांना भेटावं.

आणि ‘ध्यान लागलंय हे ओळखायचं कसं?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. बसल्या जागी तो मनात आला, तर तोही सतराच समजा, आणि एकवर या.