विजेत्याच्या मागे उभी असलेली पाच पुस्तकं

(दृश्य: ग्रंथालयातलं कपाट. एका गाजलेल्या मालिकेचे सातही खंड ओळीनं लावलेले. पुस्तकांच्या पाठी घड्या पडून पांढुरक्या झालेल्या.)

निवेदन:

सातवा खंड तिसऱ्यांदा वाचून संपलाय. वाचणारी मुलगी १३ वर्षांची आहे. जादूच्या त्या शाळेतले जिनेसुद्धा तिला पाठ आहेत. आता तिचा एकच प्रश्न आहे आणि तो घरी, वर्गात, ग्रंथपालांना, सगळ्यांना विचारून झालाय: "याच्यासारखं अजून काय आहे?"

उत्तरं येतात, पण फिरून फिरून त्याच चार-पाच नावांवर. जे आधीच गाजलंय, तेच सुचवलं जातं आणि सुचवलं गेल्यामुळे आणखी गाजतं. खरी अडचण मात्र प्रश्नातच आहे. "याच्यासारखं" मागितलं की नक्कल मिळते. "नवं काय चांगलं निघालं?" असं विचारायला हवं, आणि हाच प्रश्न दरवर्षी नेमानं विचारणारी काही माणसं जगात आहेत. ती फँटसी साहित्याचे पुरस्कार देतात.

आता हे खरं, की मुखपृष्ठावर सोनेरी शिक्का दिसला की मुलं सावध होतात. हे आपल्या भल्याचं पुस्तक असणार, असा वास त्यांना लगेच येतो. त्यांचा संशय अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. म्हणून शिक्क्याकडे जाण्याआधी तो मारणारा हात कुणाचा, ते पाहू.

(दृश्य: जुनं टंकलेखन यंत्र. कागदावर एक नाव उमटतं: आंद्रे नॉर्टन.)

अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात ॲलिस मेरी नॉर्टन नावाची एक तरुणी सार्वजनिक ग्रंथालयात काम करत असे, बराच काळ मुलांच्या विभागात. ती साहसकथाही लिहायची. पण अशा कथांचे वाचक म्हणजे मुलगे, आणि मुलगे बाईचं नाव पाहून पुस्तक खाली ठेवतील, असा तेव्हाचा समज. १९३४ मध्ये तिनं कायदेशीररीत्या नाव बदललं आणि ती आंद्रे नॉर्टन झाली. पुढे अमेरिकेतल्या विज्ञान-फँटसी लेखकांच्या संघटनेचा 'ग्रँड मास्टर' हा सन्मान मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. २००५ मध्ये, तिच्या मृत्यूच्या काही आठवडे आधी, याच संघटनेनं तिच्या नावानं कुमार-किशोर वाचकांच्या पुस्तकांसाठी पुरस्कार जाहीर केला.

नॉर्टन पुरस्काराचे मतदार लेखक असतात. मोठ्यांच्या विज्ञान-फँटसी लेखनासाठीचा नेब्युला पुरस्कार देणारी हीच मंडळी. लेखक दुसऱ्या लेखकाचं पुस्तक वाचताना शिवण उलटी करून पाहतो, त्यामुळे या यादीत कारागिरीचं कौतुक जास्त दिसतं. कधीकधी लेखकांनाच मजा येईल अशी पुस्तकंही तिथे घुसतात. तेही चालायचंच.

दुसरा पुरस्कार लोडस्टार. शब्दाचा अर्थ वाट दाखवणारा तारा, आपला ध्रुवताराच म्हणा. तो २०१८ पासून वर्ल्डकॉन या विज्ञानकथा संमेलनात, विज्ञानकथा-फँटसीतल्या मानाच्या ह्यूगो पुरस्कारांबरोबर दिला जातो. मतपत्रिका तीच, समारंभ तोच, पण नियमांनुसार लोडस्टार हा ह्यूगो नव्हे. सोयरीक मान्य, आडनाव मात्र नाही! त्यामागे बरीच वर्षं चाललेला वाद आहे. किशोरांसाठी वेगळी रांग कशाला, असं काहींचं म्हणणं होतं. त्यांच्या हातात पुरावाही भक्कम होता. २००१ मध्ये हॅरी पॉटरच्या चौथ्या खंडानं मोठ्यांच्या कादंबऱ्यांना मागे टाकून सर्वोत्कृष्ट कादंबरीचा ह्यूगो जिंकला होता.

इथे मत देतात ते वाचक. संमेलनाचं सभासदत्व घेतलेला कुणीही. आणि ते मत पसंतीक्रमानं दिलं जातं: पहिली पसंती, दुसरी, तिसरी. सगळ्यात कमी मतं मिळालेलं पुस्तक बाद होतं आणि त्याची मतं पुढच्या पसंतीकडे वळतात. यादीत "कुणालाच नको" हाही पर्याय असतो.

या पद्धतीत जिंकतं ते बहुतेकांना बऱ्यापैकी आवडलेलं पुस्तक. थोड्या लोकांना जिवापाड आवडलेलं आणि बाकीच्यांना विचित्र वाटलेलं पुस्तक सहसा जिंकत नाही. ते अंतिम यादीत राहतं. आणि १३ वर्षांच्या वाचकाला वेड लावणारं पुस्तक बहुधा त्या दुसऱ्या जातीचं असतं. म्हणून विजेत्याच्या नावावर थांबू नका. त्याच्या मागे पाच पुस्तकं उभी असतात.

(दृश्य: टेबलावर सहा पुस्तकं. कॅमेरा एकेका मुखपृष्ठावरून सावकाश सरकतो.)

२०२१ ची लोडस्टारची अंतिम यादी घेऊ.

जिंकलं टी. किंगफिशर यांचं 'अ विझर्ड्स गाइड टू डिफेन्सिव्ह बेकिंग'. नायिका मोना, वय १४. तिची जादू फक्त पावावर आणि कणकेवर चालते, आणि पहिल्याच पानांत बेकरीच्या फरशीवर तिला एक प्रेत सापडतं. त्या वर्षी नॉर्टन, लोडस्टार आणि लोकस नियतकालिकाचा किशोर गटाचा, असे तिन्ही पुरस्कार या पुस्तकाला मिळाले. पुस्तक आहेच तसं, भांडण नाही.

पण उरलेली पाच पाहा. 'सिमेटरी बॉईज' मध्ये एक मुलगा आपण खरोखर मुलगाच आहोत हे कुटुंबाला पटवण्यासाठी आत्मा बोलावतो. येतो भलताच आत्मा, आणि तो जाता जात नाही. 'लेजंडबॉर्न' मध्ये आई गमावलेली एक कृष्णवर्णीय मुलगी विद्यापीठातल्या गुप्त मंडळापर्यंत पोचते. मंडळ कुणाचं, तर राजा आर्थरच्या सरदारांच्या वंशजांचं. 'रेबेअरर' मध्ये आई मुलीला राजपुत्राकडे पाठवते: आधी त्याचा विश्वास मिळव, मग त्याला मार. ही जॉर्डन इफुएको यांची कादंबरी, तिच्यातल्या जगाला पश्चिम आफ्रिकेची माती लागलेली आहे. 'अ साँग बिलो वॉटर' ची नायिका एक जलपरी आहे आणि आपला आवाज ती जिवाच्या भीतीनं लपवून ठेवते.

सहावं पुस्तक 'एलात्सोए'. डार्सी लिटल बॅजर यांची ही पहिली कादंबरी. लेखिका लिपान अपाची या मूळनिवासी समाजातल्या. त्यांच्या नायिकेला मेलेल्या प्राण्यांचे आत्मे बोलावता येतात, आणि तिच्या पायाशी कायम घुटमळतं ते तिच्या मेलेल्या कुत्र्याचं भूत. मग एके रात्री चुलतभाऊ स्वप्नात येऊन सांगतो: माझा खून झालाय.

२०२१ मध्ये हे पुस्तक हरलं. पुढच्याच वर्षी याच लेखिकेच्या दुसऱ्या कादंबरीला नॉर्टन मिळाला. आणि २०२५ मध्ये 'शेने लेंडे' ला लोडस्टार. ती 'एलात्सोए' चीच पूर्वकथा, त्या नायिकेच्या आजीच्या तरुणपणाची. म्हणजे २०२१ ची यादी शेवटपर्यंत वाचलेल्या वाचकाला ही लेखिका चार वर्षं आधीच भेटली होती.

यादी याहूनही लांब आहे. समारंभानंतर मतमोजणीचे तपशील प्रसिद्ध होतात आणि त्यात अंतिम सहांत येता येता राहिलेली पुस्तकंही असतात. तिथपर्यंत फारसं कुणी जात नाही. सहाव्या आणि सातव्या जागेत फरक कधीकधी मोजक्या मतांचा असतो.

(दृश्य: वहीचं पान. पेन्सिलीनं लिहिलेली नावं, काहींपुढे प्रश्नचिन्हं.)

आता थोडे खाचखळगे.

पहिला वर्षांचा घोळ. नेब्युला आणि नॉर्टन यांना पुस्तक प्रसिद्ध झाल्याचं वर्ष लावतात, ह्यूगो आणि लोडस्टार यांना पुरस्कार दिल्याचं. त्यामुळे मोनाची बेकरी एका यादीत २०२० खाली सापडते, दुसरीत २०२१ खाली. आपण शोधत बसतो आणि पुस्तक शेजारच्या ओळीत असतं.

दुसरा खड्डा मोठा. पुरस्कार बऱ्याचदा मालिकेतल्या मधल्या खंडाला मिळतो. २०१८ चा पहिलावहिला लोडस्टार मिळाला नेडी ओकोराफोर यांच्या 'अकाटा वॉरियर' ला. तो दुसरा भाग. २०२२ ला नेओमी नोविक यांचं 'द लास्ट ग्रॅज्युएट', तोही दुसरा. २०२३ ला पुन्हा ओकोराफोर, 'अकाटा वुमन', तिसरा. विजेता म्हणून हौसेनं पुस्तक आणावं आणि दहाव्या पानावर कळावं की सगळे एकमेकांना ओळखतात, आपणच तेवढे परके! मालिकेचा पहिला भाग कोणता, हे आधी पाहून घ्यावं.

तिसरी गोष्ट वयाची. नॉर्टनच्या यादीत नऊ-दहा वर्षांच्या मुलांची पुस्तकं आणि सतरा वर्षांच्या मुलांची पुस्तकं शेजारी शेजारी बसतात. सॅम जे. मिलर यांची 'द आर्ट ऑफ स्टार्व्हिंग' ही नॉर्टन-विजेती कादंबरी उपाशी राहिल्यानं आपल्याला शक्ती येते असं मानणाऱ्या मुलाची आहे. पुस्तक ताकदीचं आहे, पण कुणाच्या हातात कधी द्यायचं, हे शिक्का सांगत नाही. त्यासाठी कुणीतरी मोठ्यानं आधी वाचायला हवं. निदान मलपृष्ठ तरी.

मुळात किशोर आणि प्रौढ यांच्यामधली ही भिंत तकलादूच आहे. उर्सुला ले ग्विन यांच्या अर्थसीच्या बेटांवरच्या तिसऱ्या कादंबरीला १९७३ मध्ये नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं, बालसाहित्यासाठीचं. त्याच बेटांवरच्या चौथ्या कादंबरीला नेब्युला मिळाला, मोठ्यांच्या गटातला. बेटं तीच, समुद्र तोच.

लोकस हे नियतकालिक २००३ पासून किशोर गटाचा पुरस्कार देतं. तिथे कुणीही मत देऊ शकतं, मात्र वर्गणीदारांचं मत दुप्पट मोजतात. मिथोपोइक सोसायटी या मिथक-फँटसीप्रेमींच्या संस्थेचा पुरस्कार १९७१ पासूनचा, मानचिन्ह बसलेल्या सिंहाचं. तिथे मला आवडतो तो एक नियम: पहिल्या वर्षी अंतिम यादीत न आलेल्या पुस्तकाला दुसऱ्या वर्षीही संधी मिळते. पुस्तक वाचकांपर्यंत पोचायला वेळ लागतो, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं.

(दृश्य: संगणकाचा पडदा. एकेक प्रकरण उघडत जातं.)

कॅथरीन व्हॅलेंटी यांच्या एका कादंबरीत एक काल्पनिक बालपुस्तक होतं. वाचकांनी विचारलं, ते पुस्तक खरंच मिळेल का? मग व्हॅलेंटींनी ते लिहायला घेतलं. आंतरजालावर, एकेक प्रकरण, वाचकांनी स्वखुशीनं दिलेल्या पैशांवर. २०१० मध्ये त्याला नॉर्टन मिळाला, तेव्हा छापील पुस्तक अस्तित्वातच नव्हतं. ते आलं २०११ मध्ये. पुस्तकांच्या दुकानातलं मांडणीचं टेबल तेव्हा हे पुस्तक कुणालाच दाखवू शकलं नसतं.

आणि याच्या नेमका उलटा पुरस्कार म्हणजे फीनिक्स. तो २० वर्षांपूर्वी प्रसिद्ध झालेल्या, पण तेव्हा कोणताही मोठा पुरस्कार न मिळालेल्या मुलांच्या पुस्तकाला देतात. २००६ मध्ये तो डायना विन जोन्स यांच्या १९८६ च्या 'हाउल्स मूव्हिंग कासल' ला मिळाला. तोवर त्या कादंबरीवर जपानमध्ये चित्रपटही येऊन गेला होता. परीक्षकांना आपली चूक दुरुस्त करायला २० वर्षं लागली, पण त्यांनी ती केली. नवं वाचायचा कंटाळा आला की फीनिक्सची यादी काढावी. त्यात फँटसीखेरीजही बरंच आहे.

हे पुरस्कार धुतल्या तांदळासारखे नाहीत. २०२३ मध्ये चीनमधल्या चेंगडूला झालेल्या ह्यूगोंमध्ये काही नावं स्पष्टीकरण न देता अपात्र ठरवली गेली आणि ते उघड झालं दुसऱ्या वर्षीच्या जानेवारीत, मतमोजणीचे तपशील आल्यावर. दुसरी उणीव रोजचीच आहे: किशोरांच्या पुस्तकांवर मत देणारे बहुतेक सगळे प्रौढ. अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेचा 'टीन्स टॉप टेन' हा अपवाद, तिथे निवड मुलंच करतात. ती यादी लोडस्टारच्या यादीशेजारी ठेवून पाहा. दोन्हींत असलेलं नाव सापडलं, तर ते बिनधास्त उचला.

(दृश्य: पुन्हा तेच कपाट. मुलगी खाली बसलेली, मांडीवर वही.)

तिच्या वहीत आता सहा नावं आहेत. मोनाच्या बेकरीवर कुणीतरी आधीच नंबर लावलाय, महिनाभर तरी ते पुस्तक मिळायचं नाही. ग्रंथपाल विचारतात, मग यादीतलं दुसरं कोणतं देऊ?

ती वहीवरून बोट फिरवते. थांबते.

"हे. यातलं भुताचं कुत्रं चांगलं आहे ना?"

(ग्रंथपाल हसतात. पुस्तकावर तारखेचा शिक्का पडतो.)