नागपूरच्या गच्चीवरचा वेटसूट

[दृश्य : मे महिन्यातील सकाळ. गच्चीवर दोरीला टांगलेला काळा वेटसूट, म्हणजे डायव्हिंगचा रबरी पोशाख, शेजारी कूलर, खाली पाण्याने भरलेली मोठी बादली.]

नागपूरकराची प्रवाळाशी पहिली ओळख बहुधा इतवारीच्या सराफा बाजारात होते. मंगळासाठी अंगठीत बसवलेले लाल पोवळे तो लहानपणापासून पाहत आलेला असतो. ते एकेकाळी समुद्रात वाढलेल्या सजीवांनी रचलेल्या सांगाड्याचा तुकडा आहे, हे मात्र त्याच्या ध्यानी येतेच असे नाही. ज्या शहरात शून्य मैलाचा दगड उभा आहे आणि ज्याच्या चहूबाजूंनी शेकडो किलोमीटर जमीनच पसरलेली आहे, तिथे समुद्राच्या आजारपणाची चर्चा कशासाठी करायची, असे कुणीही विचारील. त्याचे कारण या दोरीवर वाळत आहे.

मालवणचा डायव्हर बहुतेक वेळा आपल्याच समुद्रात उतरतो. नागपूरच्या हौशी डायव्हरला आपला असा समुद्रच नाही. तो जलतरण तलावात सराव करतो, दिवाळीच्या सुट्टीत हजारेक किलोमीटर प्रवास करून तारकर्ली गाठतो, पुढच्या सुट्टीत अंदमानच्या स्वराज द्वीपावर जातो आणि जमले तर त्याच वर्षी थायलंडलाही जाऊन येतो. त्याच्याबरोबर तोच वेटसूट, टाकीतली हवा तोंडाशी पोहोचवणारे तेच रेग्युलेटर आणि तेच बीसीडी, म्हणजे पाण्यात तोल सांभाळण्यासाठी हवा भरण्याचे जाकीट, एका वर्षात तीन समुद्र पाहते. एखाद्या जंतूला लांबचा प्रवास करायचा असेल, तर याहून सोयीचे सामान त्याला शोधूनही सापडणार नाही.

[दृश्य : पाण्याखाली. प्रवाळाच्या गोल खडकाजवळून कॅमेरा सावकाश सरकतो.]

आपल्याला जो प्रवाळाचा एक खडक वाटतो, तो प्रत्यक्षात हजारो लहान जीवांची वसाहत असतो. यातील प्रत्येक जीव, ज्याला पॉलिप म्हणतात, आपल्या तळाशी चुन्याचा सांगाडा रचत जातो आणि स्वतःच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवालाला आसरा देतो. शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा पॉलिपला मिळतो. एवढ्या मोठ्या खडकावर जिवंत असतो तो केवळ वरचा पातळसा थर, आणि रोग याच थरावर येतो.

2014 साली अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, मायामी शहराजवळ, व्हर्जिनिया की या बेटालगत, प्रवाळांच्या वसाहतींवरील ऊती झपाट्याने झडत असल्याचे आढळले. ‘स्टोनी कोरल टिश्यू लॉस डिसीज’, म्हणजे दगडी प्रवाळांच्या ऊती झडण्याचा रोग, या नावाने हा रोग पुढे ओळखला जाऊ लागला. मेंदूसारख्या वळ्या असलेले आणि खांबासारखे उभे वाढणारे प्रवाळ त्याला सर्वांत आधी बळी पडतात, आणि वीसहून अधिक जातींना त्याची बाधा होते. पिढ्यान्‌पिढ्या वाढत आलेली वसाहत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पांढऱ्या सांगाड्यात बदलते. फ्लोरिडाच्या प्रवाळरांगेत पसरत हा रोग 2018 मध्ये मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर दिसला, 2019 मध्ये अमेरिकेच्या व्हर्जिन बेटांवर आणि बहामात पोहोचला, आणि 2023 मध्ये डायव्हिंगसाठी प्रसिद्ध असलेल्या कॅरिबियनमधील बोनेर बेटावर आढळला, तेव्हा तेथील काही ठिकाणे डायव्हरांसाठी बंद करण्यात आली. रोगाच्या चट्ट्यावर अमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकाचा लेप लावल्यास चट्टा बऱ्याचदा थांबतो, त्यामुळे जिवाणूंचा त्यात हात असल्याचे मानले जाते. परंतु एकच जंतू कारणीभूत आहे असे अद्याप सिद्ध झालेले नाही, आणि हा लेप प्रशिक्षित माणसांनी पाण्याखाली एकेका वसाहतीला हाताने लावावा लागतो.

हा रोग अटलांटिकच्या त्या भागातला आहे. आपल्याकडे मन्नारचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान येथे इतर प्रवाळरोग नोंदले गेले आहेत. त्यांपैकी ब्लॅक बँड या रोगात काळसर पट्टा जिवंत ऊती खात पुढे सरकतो आणि मागे उघडा सांगाडा सोडतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. फ्लोरिडाचा रोग डायव्हरांनीच पसरवला, असे कुणी सिद्ध केलेले नाही. तो पाण्यातून पसरतो, प्रवाह त्याला वाहून नेतात, आणि लांबच्या उड्यांसाठी जहाजांच्या बॅलास्ट टाक्यांतील, म्हणजे जहाजाचा तोल राखण्यासाठी भरून घेतलेल्या, पाण्यावर मोठा संशय आहे. म्हणूनच अमेरिकी तटरक्षक दलाने 2019 मध्ये जहाजांना त्याविषयी सूचना दिल्या. तरीही प्रवाह आणि जहाजे डायव्हरच्या हाती नसतात, स्वतःची बॅग मात्र असते.

[दृश्य : बादलीत बुडवलेले फिन्स, म्हणजे पोहताना पायांत घालायचे रबरी पंख. दोन हात बीसीडी उलटे धरतात; नळीतून पाणी गळते.]

नागपुरात एक गैरसमज सहज होऊ शकतो. नवतपाच्या उन्हात लोखंडी कठडासुद्धा हाताला चटका देतो, तिथे वेटसूटमध्ये कोणता जंतू टिकणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. बाहेरच्या कापडापुरते ते बरेचसे खरेही आहे, आणि कडक उन्हात पूर्ण वाळवणे ही सामानाच्या स्वच्छतेतील महत्त्वाची पायरी आहेच. मात्र बीसीडीच्या आतली हवेची पिशवी बंद असते, तिच्यात प्रत्येक डुबकीला थोडे समुद्राचे पाणी शिरते, आणि बाहेरून कोरडे खडखडीत झालेले जाकीट आतून कित्येक दिवस ओले राहू शकते. बुटांचे तळ, हातमोज्यांची बोटे आणि वेटसूटच्या दुमडी या जागाही तशाच आहेत.

म्हणून फ्लोरिडातील संस्था डायव्हरांना जी पद्धत सांगतात, तिची सुरुवात बोटीवरच होते. सामानाला चिकटलेली वाळू, शेवाळ किंवा प्रवाळाचा कण तिथेच काढून टाकावा आणि बीसीडी उलटे करून आतले पाणी पूर्ण काढावे. त्यानंतर जंतुनाशक. मोजपट्टी, पाटी, धातूची अवजारे यांसारख्या दणकट वस्तू ताज्या बनवलेल्या 1 टक्का ब्लीचच्या पाण्यात 10 मिनिटे ठेवता येतात. रेग्युलेटर, बीसीडी आणि वेटसूट यांना मात्र ब्लीच मानवत नाही, कारण त्याने रबर आणि शिवणी खराब होतात. त्यांच्यासाठी क्वाटर्नरी अमोनियम वर्गातील जंतुनाशक डब्यावरील सूचनेनुसार वापरावे आणि बीसीडीच्या पिशवीतही ते भरून चांगले घुसळावे. शेवटी सर्व काही गोड्या पाण्याने धुऊन, आतून-बाहेरून वाळू द्यावे. वापरलेले द्रावण समुद्रात किंवा पावसाळी गटारात ओतू नये, सांडपाण्याच्या मोरीत ओतावे. नुसत्या गोड्या पाण्याच्या सामाईक टाकीत, जिथे दिवसभर सर्वांचेच सामान बुचकळले जाते, ते बुडवून काढले म्हणजे निर्जंतुक झाले, असे मानता येत नाही.

एवढा वेळ कुठून आणायचा, ही तक्रार नेहमीची आहे. परंतु अनेक दिवस सलग डुबक्या घेतल्यावर विमानात बसण्यापूर्वी किमान 18 तास थांबावे, असा डायव्हिंगच्या सुरक्षिततेचा सल्ला आहे. श्रीविजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, येथून नागपूरला परतणाऱ्याला हे तास सक्तीने मिळतातच, आणि सामान धुण्यासाठी याहून चांगली वेळ नाही. रोज अनेक ठिकाणी उतरणाऱ्यांनी आणखी एक क्रम पाळावा : निरोगी प्रवाळ आधी, रोगट प्रवाळ शेवटी.

[दृश्य : शिकाऊ डायव्हरचा फिन तळाला घासतो, वाळूचा ढग उठतो.]

सामानाइतकेच महत्त्व पाय कुठे लागतो याला आहे. फिनचा एक फटका ऊतीला जखम करतो, आणि प्रवाळाचा सांगाडा झिजवणारे काही सूक्ष्मजीव नेमके अशा ताज्या जखमांवर वसतात. थायलंडमधील को ताओ बेटावर झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, डायव्हरांची गर्दी असलेल्या ठिकाणी प्रवाळरोगांचे प्रमाण कमी वर्दळीच्या ठिकाणांच्या सुमारे तिप्पट आढळले. मालवणच्या सागरी अभयारण्यात हौशी डायव्हिंगमुळे प्रवाळांची होणारी मोडतोड गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनीही 2020 मध्ये मांडली आहे. जलतरण तलावात तोल सांभाळण्याचा सराव कंटाळवाणा वाटतो हे मान्य; पण तलावातल्या फरशीला पाय लागला तर कुणाचे काही बिघडत नाही, म्हणून ती चूक तिथेच करून घ्यावी. बोनेरच्या सागरी उद्यानात तर डायव्हरांना हातमोजे वापरण्यास मनाई आहे, कारण हात झाकलेला असला की माणूस नको तिथे टेकतो.

डायव्हरचे डोळेही कामाचे आहेत, मात्र त्यांना थोडे शिकवावे लागते. पांढरे दिसणारे प्रत्येक प्रवाळ रोगट नसते. पाणी तापल्यामुळे शैवाल निघून गेलेल्या प्रवाळाचा रंग उडतो, पण नीट पाहिल्यास त्यावर पारदर्शक पॉलिप जिवंत दिसतात. रोगात ऊतीच उरत नाही. उघडा सांगाडा आणि रंगीत भाग यांच्यामध्ये बऱ्याचदा स्पष्ट सीमा दिसते. पोपटमाशाने ओरबाडले असेल तर चोचीच्या खुणा असतात. शंका आल्यास हात न लावता छायाचित्र घ्यावे, मापासाठी पाटी प्रवाळाच्या शेजारी धरावी, आणि तारीख, खोली व ठिकाण यांची नोंद डाइव्ह सेंटर आणि वन विभागाकडे द्यावी. नमुना तोडून आणण्याचा मोह मात्र टाळावा. दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे सर्वोच्च संरक्षण आहे.

फ्लोरिडात रोग पसरू लागला, तेव्हा निरोगी वसाहती समुद्रातून काढून अमेरिकेतील अनेक मत्स्यालयांत सुरक्षित ठेवण्यात आल्या. त्यांपैकी काही ओमाहा या शहरातील प्राणिसंग्रहालयात गेल्या. नकाशात पाहिले तर ओमाहा अमेरिकेच्या जवळपास मध्यावर आहे, समुद्रापासून नागपूरइतकेच दूर किंवा त्याहूनही अधिक.

[दृश्य : संध्याकाळ. गच्चीवर आता बीसीडी उलटे टांगलेले आहे.]

दिवसभर उन्हात राहिलेले हे जाकीट बाहेरून पूर्ण वाळले आहे. बॅगेत भरण्यापूर्वी त्यात हवा भरून, ते हलवून, नळीचे तोंड खाली धरून बटण दाबले जाते. चमचाभर पाणी गच्चीच्या तापलेल्या फरशीवर पडते आणि सुकल्यावर तिथे मिठाचा पुसट डाग उरतो. त्यामुळे बादली पुन्हा भरली जाते.