आधी क्रियापद, मग साधन

नमस्कार श्रोतेहो.

उद्याच्या पाठाचं टाचण लिहायला बसलं, की हल्ली पहिला प्रश्न मनात येतो तो 'यात कोणतं ॲप वापरू?' असा. मीही बरीच वर्षं तिथूनच सुरुवात करत होते. नवं साधन हाती आलं, की त्याला साजेसा पाठ शोधायचा. तास रंगायचा, मुलं खूश व्हायची, आणि आठवड्याने त्याच धड्यावर प्रश्न विचारला की वर्ग गप्प. ती शांतता मला फार लागली. मग एक सवय लावून घेतली. टाचणाच्या समासात आधी एक क्रियापद लिहायचं. या तासाला मुलं काय करणार? आठवणार, पडताळणार, वाद घालणार, की रचणार? 'समजून घेणार' असं मी लिहीत नाही, कारण ते होताना डोळ्यांना दिसत नाही. जे दिसतं तेच लिहायचं. साधनाचा विचार त्यानंतर.

'पडताळणे' घेऊ. भूमितीचा तास आहे. कोणताही चौकोन काढा, त्याच्या चारही बाजूंचे मध्यबिंदू ओळीने जोडा. आत समांतरभुज चौकोन तयार होतो. फळ्यावर मी असे फार तर दोन-तीन चौकोन काढू शकते, आणि मुलं माझ्यावर विश्वास ठेवून ते वहीत उतरवून घेतात. जिओजेब्रा या भूमितीच्या ॲपमध्ये मात्र शिरोबिंदू मुलाच्याच बोटाखाली असतो. मूल तो ओढतं, ताणतं, चौकोन मुद्दाम वेडावाकडा करतं, एक कोपरा आत ढकलून देतं, तरी आतली आकृती समांतरभुजच राहते. मग कुणीतरी विचारतंच, "बाई, नेहमीच असं होतं?" आणि त्याच्या पाठोपाठ, "पण का?"

या 'का'साठीच तर सगळा खटाटोप. हा प्रश्न आला, की मी पडदा बंद करते. मोठ्या चौकोनाचा एक कर्ण काढायचा, त्याचे दोन त्रिकोण होतात. प्रत्येक त्रिकोणात दोन बाजूंचे मध्यबिंदू जोडणारा रेषाखंड त्या कर्णाला समांतर आणि त्याच्या निम्मा असतो. समोरासमोरच्या दोन बाजू एकमेकींना समांतर आणि सारख्या ठरल्या, काम झालं. हे वहीत, पेन्सिलीनेच सुटतं. 2001 मध्ये मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात शिकत असताना जिओजेब्राचं काम सुरू केलं. त्यांचं हे साधन मला इतकं आवडतं, तरी ते कधी मिटायचं हे शिक्षकालाच कळावं लागतं.

विज्ञानातलं उदाहरण सांगते. विजेचा परिपथ मुलांनी स्वतः जोडून पाहायचा आहे. खऱ्या तारा, बल्ब आणि सेल हातात असताना पडद्यावरचं चित्र कशाला, असं मलाही वाटायचं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात 2002 मध्ये नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी फेट हा पडद्यावरच्या आभासी प्रयोगांचा प्रकल्प सुरू केला. त्यात परिपथ जोडला, की तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन दिसतात. त्या गटाने 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं आढळलं, की पडद्यावर सराव केलेल्या विद्यार्थ्यांना संकल्पना अधिक स्पष्ट होत्या, आणि पुढे खरा परिपथ जोडतानाही ते खऱ्या साहित्यावर शिकलेल्यांपेक्षा सरस ठरले. खऱ्या तारेत जे कधीच दिसत नाही, ते त्यांनी पाहिलं होतं. माझी कसोटी यातूनच तयार झाली. डोळ्यांना न दिसणारं, फार लहान, फार दूरचं किंवा धोक्याचं असेल, तर पडदा हवा. बी रुजताना पाहायचं असेल, तर कुंडीच हवी, आणि तितके दिवस वाट पाहणंही हवं.

आता 'आठवणे'. याची आपण फार उपेक्षा करतो, पाठांतर म्हणून नाक मुरडतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला; काहींनी एकदा वाचला आणि मग न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना 42 टक्केच आठवलं, आणि आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के. म्हणून धड्याची सुंदर चित्रफीत पुन्हा दाखवण्यापेक्षा पाच प्रश्नांची साधी चाचणी मला अधिक मोलाची वाटते.

पण इथेही जपायला हवं. कहूतसारख्या प्रश्नमंजूषेच्या ॲपवरच्या खेळात सहसा जितकं लवकर उत्तर, तितके जास्त गुण. पाढे, शब्दार्थ, सनावळी यांना ते शोभतं. विचार करायला लावणाऱ्या प्रश्नाला तो वेग मारक ठरतो. विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात वर्गांतलं बोलणं ध्वनिमुद्रित करून तपासलं, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबलं, तरी उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तो अवकाश घड्याळ लावून आपणच हिरावून घ्यायचा का?

'वाद घालणे' असेल, तर मी प्लिकर्स हे ॲप वापरते. प्रत्येक मुलाच्या हातात छापील कार्ड असतं. ते चार बाजूंनी फिरवता येतं, आणि जी बाजू वर, तो पर्याय. शिक्षकाच्या एकाच फोनचा कॅमेरा सगळ्यांची उत्तरं टिपतो, शेजाऱ्याला मात्र काही कळत नाही. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर 1990च्या दशकापासून ज्या पद्धतीने शिकवत आले, तीच इथे कामी येते. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, बरोबर काय ते सांगायचं नाही, मग शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवून द्यायचं, आणि पुन्हा उत्तर द्यायचं. मधल्या त्या दोन-तीन मिनिटांच्या गलक्यात खरं शिक्षण होतं. यंत्र तिथे फक्त मोजणी करतं.

गटाने मिळून लेखन करायचं असेल, तर सगळ्यांना एकत्र लिहिता येईल असा ऑनलाइन सामायिक दस्तऐवज पुरतो. कुणी काय लिहिलं, काय खोडलं, याची नोंद त्यात राहते. आणि कोणतंही ॲप मुलांचं नाव, ईमेल, फोटो मागत असेल, तर त्यावाचून काम भागतं का हे आधी पाहा. मुलं ही माहिती विश्वासाने देतात. ती जपणं आपल्याकडे आहे.

शेवटी माझ्या सर्वांत आवडत्या साधनाबद्दल. ते प्रत्येक फोनमध्ये असतं, इंटरनेट लागत नाही, नाव नोंदवावं लागत नाही. आवाज टिपण्याची सोय. क्रियापद 'वाचून दाखवणे'. मूल एक परिच्छेद मोठ्याने वाचतं, टिपतं, कान देऊन ऐकतं. माझ्या वर्गातली एक मुलगी अडखळत वाचायची, म्हणून सगळ्यांसमोर उठायचीच नाही. तिने कोपऱ्यात बसून एकच परिच्छेद सात वेळा टिपला. कुठे चुकलं हे मी एकदाही सांगितलं नाही. प्रत्येक वेळी तीच ऐकायची, मान हलवायची आणि पुन्हा सुरू करायची. आठव्या वेळी ती फोन घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, आता ऐका."