वाकड्या रेणूचे उपकार

श्रोतेहो, नमस्कार. पाऊस किती पडला, धरणे किती भरली आणि नळाला पाणी किती वेळ आले, याची चर्चा आपण वर्षभर करत असतो आणि ती रास्तही आहे. आज मात्र पाण्याच्या घडणीविषयी बोलावे असे मनात आहे. कारण ज्या द्रवावर आपला जीव चालतो त्याचा रेणू कसा आहे हे समजले, म्हणजे पाणी आपल्याला तारते कसे आणि कधी कधी अपायही का करते, या दोन्ही गोष्टी एकाच मुळापाशी नेऊन पोहोचवतात.

आपल्याकडे पाणी हे पंचमहाभूतांपैकी एक, आणि युरोपातही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ते मूलतत्त्वच समजले जाई. इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी ज्वलनशील वायू, म्हणजे आजचा हायड्रोजन, जाळून पाणी मिळवले आणि १७८४ मध्ये ते प्रयोग प्रसिद्ध केले. फ्रान्समध्ये लव्हाझिए यांनी त्याच सुमारास पाणी हे संयुग असल्याचे स्पष्टपणे मांडले. ऑक्सिजनचा एक अणू आणि हायड्रोजनचे दोन, हे आज शाळकरी मुलांनाही पाठ असते. पण माझ्या मते खरी महत्त्वाची बाब या सूत्रात दिसत नाही, ती रेणूच्या आकारात आहे. हे तीन अणू एका सरळ रेषेत नसतात. ऑक्सिजनला जडलेले दोन हायड्रोजन एकमेकांशी सुमारे १०४.५ अंशांचा कोन करतात, म्हणजे रेणू वाकडा असतो. ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांना स्वतःकडे अधिक ओढतो, त्यामुळे त्याच्या बाजूला किंचित ऋण आणि हायड्रोजनांच्या बाजूला किंचित धन प्रभार येतो. रेणू सरळ असता, तर कार्बन डायऑक्साइडप्रमाणे दोन्हीकडची ओढ परस्परांना छेद देऊन शून्य झाली असती. वाकडेपणामुळे ती शिल्लक राहते, आणि एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. या ओढीलाच हायड्रोजन बंध म्हणतात.

हा बंध दुबळा आहे. रेणूच्या आतील बंधाच्या तुलनेत त्याची ताकद साधारण विसाव्या भागाइतकी भरते, आणि द्रवरूप पाण्यात तो सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या आसपास टिकून तुटतो व लगेच दुसऱ्या शेजाऱ्याशी जुळतो. तरीही असे असंख्य बंध एकाच वेळी अस्तित्वात असल्यामुळे त्यांचा एकत्रित परिणाम प्रचंड होतो. हायड्रोजन सल्फाइड हा पाण्याचा जवळचा नातेवाईक. त्याचा रेणू पाण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट जड आहे, तरी तो उणे ६० अंश सेल्सिअसलाच उकळतो. त्याच कुळातील इतर संयुगांच्या चढत्या क्रमावरून हिशेब केला, तर पाण्याने सुमारे उणे ८० अंशांना उकळायला हवे होते. तसे झाले असते तर पृथ्वीवर समुद्र, नद्या किंवा रक्त यांपैकी काहीच नसते. पाणी १०० अंशांपर्यंत द्रव राहते, ते या दुबळ्या बंधांच्या बळावर.

पाण्याच्या असंगत आचरणाचा उल्लेख पाठ्यपुस्तकात असतोच, म्हणून तो थोडक्यात सांगतो. पाण्याची घनता ४ अंशांना सर्वाधिक असते, आणि गोठताना हायड्रोजन बंधांची पोकळ जाळी तयार होऊन त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे बर्फ तरंगतो, सरोवर वरून गोठते आणि खालच्या पाण्यात मासे हिवाळा काढू शकतात.

उष्णतेचे प्रकरण मात्र आपल्या रोजच्या अनुभवाचे आहे. पाणी तापवायचे तर आधी हे बंध सैल करावे लागतात, म्हणून एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला एक कॅलरी लागते. तेवढ्याच वजनाच्या खडकाला साधारण त्याच्या पाचव्या भागाइतकी पुरते. वैशाखात नागपूर ४५ अंशांच्या आसपास तापते तेव्हा मुंबईचा पारा बहुधा ३३-३४ वर असतो, आणि दुपारी समुद्रावरून खारे वारे व रात्री जमिनीवरून मतलई वारे वाहतात, त्याचे कारण हेच. आपल्या शरीराचा मोठा भाग पाण्याचा असल्यामुळे तेही सहजासहजी तापत नाही. शिवाय एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर तो शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. कोकणातील दमट हवेत घाम वाळतच नाही, म्हणून तिथे पारा कमी असूनही जीव कासावीस होतो.

आता सर्वांत मोलाचा गुण. मिठाचे खडे पाण्यात पडले की पाण्याचे रेणू आपली ऋण बाजू सोडियमकडे आणि धन बाजू क्लोराइडकडे वळवून दोघांना वेगळे करतात. रक्तातील क्षार, साखर, प्रथिने यांची ने-आण या विरघळवण्याच्या शक्तीवरच चालते. जे पाण्यात मिसळत नाही तेही तितकेच उपयोगाचे ठरते: स्निग्ध रेणूंना पाणी एकत्र लोटते आणि त्यातूनच पेशीपटल तयार होते. त्या पटलातून पाणी झपाट्याने आत-बाहेर जावे म्हणून ॲक्वापोरिन नावाच्या प्रथिनांच्या खास वाटा असतात; त्यांच्या शोधासाठी पीटर आग्रे यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. वनस्पती तर प्रकाशाच्या साहाय्याने पाण्याचा रेणूच फोडतात. आपण श्वासातून घेतो तो ऑक्सिजन त्यांनी पाण्यातूनच मोकळा केलेला असतो.

परंतु पाणी विरघळवताना हितकर आणि अहितकर असा भेद करत नाही, आणि मला आज आवर्जून सांगायचे आहे ते हेच. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत भूजल खडकांतील फ्लुओरिनयुक्त खनिजे हळूहळू विरघळवत राहते, आणि त्यांतील फ्लुओरिन फ्लोराइडच्या रूपात पाण्यात उतरते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोत नसेल तरच १.५ पर्यंत चालते. त्याहून अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले, तर मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे आखडतात. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर बरेचसे फ्लोराइड त्याच्याशी जुळून खाली बसते. म्हणून असे दूषित पाणी पुष्कळदा मृदू, म्हणजे कॅल्शियम कमी असलेले, असते, नितळ असते आणि चवीवरून संशय येत नाही. ते उकळून उपयोग होत नाही. उकळण्याने जंतू मरतात, पण वाफ होऊन पाणी कमी झाल्यावर मागे राहिलेले फ्लोराइड उलट अधिक दाट होते.

नागपूरच्या नीरी या संस्थेने यावर नलगोंडा पद्धत विकसित केली. तीत चुना आणि तुरटी ठरावीक प्रमाणात घालून पाणी ढवळतात, तेव्हा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे पुंजके तयार होतात, फ्लोराइड त्यांना चिकटून गाळाबरोबर तळाशी बसते, आणि वरचे निवळ पाणी गाळून घेतात. तुरटी किती घालायची हे पाण्यातील फ्लोराइडवर आणि त्याच्या अल्कतेवर, म्हणजे आम्ल निष्प्रभ करण्याच्या क्षमतेवर, ठरते, त्यामुळे हे काम अंदाजपंचे करू नये. बोअरवेलचे पाणी प्यायला वापरत असाल, तर आधी त्याचा नमुना स्वच्छ बाटलीत भरून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्यावा, आणि अहवालात फ्लोराइडच्या जोडीने नायट्रेटचा आकडाही पाहावा. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे.