रिकामा रकाना

(दृश्य : चूल, तवा, काळी पडत जाणारी तंबाखू)

तासगाव तालुक्यातलं एक घर. सकाळचे सात वाजलेत. तव्यावर तंबाखू भाजायला घातली आहे. आधी धूर येतो, मग ठसका, आणि मग तो करपट वास, जो गल्लीच्या तोंडापर्यंत जातो. पाला पार काळा झाला की तवा खाली घ्यायचा, पाला चुरायचा आणि डबीत भरायचा. झाली मिश्री. दात घासायला म्हणून सुरू होते. पुढे जेवण झालं की मिश्री, भांगलणीला निघायच्या आधी मिश्री, पोट दुखलं तरी मिश्री.

या घरातल्या आजींच्या डाव्या गालात पांढरट चट्टा आहे. आता त्या मिरजेच्या रुग्णालयात आहेत. वॉर्डात तरुण डॉक्टर त्यांच्याशी बोलते आहे.

"आजी, मिश्री कधीपासून लावताय?"

"लगीन झाल्यापास्नं. सासू लावायची, मग मीबी."

"कुठल्या बाजूला जास्त?"

आजी बोलत नाहीत. बोट तोंडात घालून नेमकी जागा दाखवतात.

(दृश्य : मिरज, रेल्वे फाटक, दवाखान्यांच्या पाट्या)

मिरज म्हणजे तंबोऱ्यांचं गाव आणि डॉक्टरांचंही. 1894 साली विल्यम वॉनलेस यांनी इथे रुग्णालय उभारलं. तेव्हापासून सांगली, कोल्हापूर आणि पार विजापूरकडचा माणूसही दुखणं हटेना की म्हणतो, "मिरजेला दाखवू." आजींच्या गालाचा तपासायला काढलेला तुकडाही मिरजेलाच लॅबमध्ये आला आहे. फॉर्मॅलिनच्या बाटलीत, वर चिकटपट्टीने लावलेलं नाव.

लॅबमध्ये आम्ही सलग दोन दिवस होतो, आणि खरं सांगायचं तर कॅमेरा तिथून हलायलाच तयार नव्हता.

बाटली उघडली जाते. डाळीच्या दाण्याएवढा तुकडा. पॅथॉलॉजिस्ट मॅडम, म्हणजे असे तुकडे तपासून रोग ओळखणाऱ्या डॉक्टर, त्याचा रंग, माप, कडा बोलत जातात आणि शेजारी बसलेली पीजीची, म्हणजे पदव्युत्तर शिकणारी, मुलगी लिहून घेते. तुकडा प्लास्टिकच्या जाळीदार कॅसेटमध्ये जातो. कॅसेटवर नंबर लिहायचा तो पेन्सिलीनेच, कारण पुढे अल्कोहोल आणि झायलीनमध्ये शाई धुऊन निघते आणि शिसं टिकतं. रात्रभर मशीन चालतं. चढत्या तीव्रतेचं अल्कोहोल मांसातलं पाणी काढून घेतं, झायलीन अल्कोहोल काढतं, आणि रिकाम्या झालेल्या जागेत वितळलेलं पॅराफिन मेण शिरतं. सकाळी तो मऊ तुकडा मेणाच्या घट्ट ठोकळ्यात बसलेला असतो. यालाच ब्लॉक म्हणतात. असा ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो, आणि या लॅबमागच्या खोलीत लोखंडी खणांमधून ते रचून ठेवलेले आहेत.

मग मायक्रोटोम, म्हणजे काप काढायचं यंत्र. हँडल एकदा फिरलं की ब्लॉक पात्यावरून खाली येतो आणि चार मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजारातल्या चार भागांएवढ्या जाडीचा काप निघतो. एकाला दुसरा चिकटत पट्टी तयार होते. पंख्याचा झोत आला तर सगळं गेलं, म्हणून मे महिन्यातही या टेबलावरचा पंखा बंद. तंत्रज्ञ काका ब्रशच्या टोकाने पट्टी उचलतात आणि कोमट पाण्यावर सोडतात. सुरकुत्या आपोआप निघून जातात. खालून काच घालून काप अलगद उचलला जातो. काकांचा हात या कामात बसला आहे. घाई कधी करायची नाही एवढंच ते सांगतात, आणि पुढचा ब्लॉक लावतात.

(दृश्य : रंगांच्या बरण्या)

हिमॅटॉक्सिलिन हा रंग लॉगवुड नावाच्या झाडाच्या खोडातून मिळतो. तो पेशीच्या केंद्रकाला निळा-जांभळा करतो. इओसिन बाकीचं गुलाबी करतं. या दोन रंगांवर जगभरातले पॅथॉलॉजिस्ट शंभराहून जास्त वर्षं कर्करोग ओळखत आले आहेत.

आता भिंगाखाली बघा. वरचा थर जिथे संपायला हवा तिथे संपत नाही. पेशींची बोटं खाली घुसली आहेत आणि मधे गुलाबी गोल वेटोळी दिसताहेत, आडव्या चिरलेल्या कांद्यासारखी, पदरावर पदर. मॅडम त्यांना केराटिन पर्ल म्हणतात. स्क्वेमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीच्या किंवा तोंडाच्या अस्तरातल्या चपट्या पेशींचा कर्करोग.

रिपोर्ट टाईप होतो, सही होते. आजी या मॅडमना कधी भेटलेल्या नाहीत, भेटणारही नाहीत. 'डॉक्टरांनी सांगितलं' असं आपण म्हणतो तेव्हा खरं सांगणारा डॉक्टर बहुतेक वेळा पडद्याआडच असतो.

(दृश्य : तपासणीचा फॉर्म, जवळून)

हा तुकड्यासोबत आलेला कागद. नाव आहे, वय आहे, वॉर्ड आहे. 'रुग्णाचा पूर्वेतिहास' या रकान्यात एक आडवी रेघ. मिश्री नाही, गाल नाही, सासू नाही.

ही रेघ लक्षात ठेवा. कारण आता ज्या माणसाची गोष्ट सांगायची आहे, त्याने आपलं संशोधन याच रकान्यावर उभं केलं.

(दृश्य : टेबलावर जुन्या शोधनिबंधांच्या झेरॉक्स प्रती)

खानोलकर म्हटलं की मराठी माणसाला आधी कवी आठवतो. हे दुसरे. डॉ. वसंत रामजी खानोलकर, जन्म 1895, निधन 1978. लंडनला पॅथॉलॉजी शिकून आले, मुंबईत ग्रँट मेडिकल आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकवलं. 1941 च्या फेब्रुवारीत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळा त्यांच्याकडे आल्या. तीनच वर्षांत, 1944 साली, 'कॅन्सर रिसर्च' या अमेरिकी नियतकालिकात त्यांचा निबंध छापून आला : मुंबईतले तोंडाच्या कर्करोगाचे ओळीने आलेले एक हजार रुग्ण. 'ओळीने आलेले' हे महत्त्वाचं. निवडून घेतलेले नव्हेत, दारात जसे आले तसे.

पुढच्याच वर्षीचा निबंध तर मिरजेच्या पीजींनी आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला. लेखक दोन, खानोलकर आणि बी. सूर्याबाई. विषय, लोकांच्या सवयींमधून होणारे भारतातले तीन नवे कर्करोग. एक, ओठ आणि हिरडीच्या खाचेत खैनी धरणाऱ्यांचा. दुसरा, आंध्र किनाऱ्यावर चुट्टा, म्हणजे तंबाखूच्या पानाची जाड विडी, पेटतं टोक आत ठेवून तोंडात धरणाऱ्यांच्या टाळूचा. आणि तिसरा, धोतराचा.

(दृश्य : कमरेवरचा काळपट पट्टा, जवळून. चेहरा नाही.)

धोतर कमरेला रोज त्याच जागी, तितकंच आवळून नेसलं जातं. घाम, धूळ, घर्षण. आधी कातडी काळी पडते, मग जाड होते, खपली धरते, पुढे मधूनच पांढरी पडते. बऱ्याच वर्षांनी एखाद्याला तिथे न भरणारी जखम होते, आणि त्या जखमेत कधीतरी तोच स्क्वेमस सेल कार्सिनोमा, जो आजींच्या गालात आहे. काश्मीरमध्ये पोटाशी कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, धरणाऱ्यांचा कर्करोग आधीपासून माहीत होता. धोतराकडे मात्र कुणी तसं पाहिलं नव्हतं, कारण धोतर कुठे आणि कसं बांधता हे पेशंटला विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं. स्लाइडवर धोतर दिसत नाही. ते फॉर्मवर लिहावं लागतं.

1955 मध्ये एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि खानोलकर यांचा निबंध 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. तंबाखू खाणाऱ्यांना तोंडाच्या पोकळीचा, तर ओढणाऱ्यांना जिभेच्या मुळाचा आणि घशाकडचा कर्करोग जास्त, असा जागेनिशी फरक त्यांनी दाखवला. ते पहिले नव्हेत. त्रावणकोरच्या पानतंबाखूवर ऑर यांनी 1933 सालीच लिहिलं होतं. पण परळच्या आकड्यांना तुलनेसाठी कर्करोग नसलेली माणसंही जोडलेली होती, आणि पुढच्या संशोधकांना तेच हवं होतं.

त्याच 1955 साली अमेरिकेत युजीन गारफिल्ड यांनी 'सायन्स'मध्ये एक कल्पना मांडली : कोणता निबंध पुढे कुणीकुणी आधाराला घेतला, याची सूचीच का करू नये? 1964 पासून तशी सूची निघू लागली. आजचं सायटेशन, म्हणजे निबंधाला मिळालेला दाखला, बढतीच्या अर्जातले आकडे, 2005 नंतरचा एच-इंडेक्स, म्हणजे दाखल्यांवरून संशोधकाचं वजन मोजणारा आकडा, सगळं त्यातूनच आलं. खानोलकरांचं मोठं काम या मोजदादीच्या आधीचं. त्यामुळे त्यांच्या नावापुढे आज जो आकडा दिसेल तो तोकडाच असणार. शिवाय 'धोती कॅन्सर' हा शब्द एकदा पाठ्यपुस्तकात शिरला की पुस्तकाचाच दाखला दिला जातो, मूळ निबंधाचा कोण देतो?

पण माग काढता येतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1985 साली तंबाखू खाण्यावर आणि पानविड्यावर ग्रंथ काढला, त्यात 1955 चा निबंध पुराव्यात मांडलेला आहे. 2024 मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी परकराची नाडी जिथे आवळली जाते तिथे झालेल्या कर्करोगाच्या दोन स्त्रिया नोंदवल्या. त्या वृत्तांताची नाळ थेट 1945 च्या धोतरापाशी जाते.

दाखला दिला म्हणजे पाठ थोपटली असंही नाही, आणि हा भाग आम्हाला जास्त आवडला. 1960 मध्ये सत्यवती सिरसाट आणि खानोलकर यांनी उंदरांच्या टाळूला मिरचीतलं कॅप्सायसिन लावून पाहिलं. तोंड आखडत जाणाऱ्या सबम्युकस फायब्रोसिसचं मूळ तिखटात असावं असा संशय होता. हा निबंध पुढे बराच काळ वाचला गेला आणि त्याच्याशी वाद घालत संशोधन सुपारीकडे वळलं. 2004 मध्ये नुसती सुपारीही, तंबाखूशिवाय, कर्करोगकारक ठरली. मिरची बिचारी सुटली. सांगली-कोल्हापूरच्या तांबड्या रश्श्याने हुश्श करावं अशी ही बातमी, पण टपरीवरच्या मावा-सुपारीने नव्हे.

1952 साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं, त्याचे पहिले संचालक खानोलकरच. पुण्याच्या कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली. पद्मभूषण, मुंबई विद्यापीठाचं कुलगुरूपद, आंतरराष्ट्रीय कर्करोग संघाचं अध्यक्षपद, कुष्ठरोगावरचं काम, हे सगळं ओघाने. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्याला बंदी आहे, तो कुठे मिळतो हे सगळ्यांना ठाऊक आहे.

(दृश्य : ब्लॉकची खोली)

परत मिरजेत. या खणांमध्ये तालुक्या-तालुक्याचे तुकडे पडून आहेत : जत, कवठे महांकाळ, पलूस, वाळवा, वर कराड-पाटणकडचेही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शीला 1987 पासून ग्रामीण कर्करोगाची नोंदवही चालते, तिच्यावर निबंध निघतात. इथेही सामग्री आहे, भिंग आहे, शिकाऊ डोकी आहेत. नाही तो रकाना.

मॅडमनी एक रबरी शिक्का करून घेतला आहे. तंबाखू, मिश्री, सुपारी, बिडी. कधीपासून. तोंडात कुठे. कमरेला काय बांधता. फॉर्म वॉर्डात जायच्या आधी काका त्यावर शिक्का मारतात. सर्जन मंडळींची कुरकुर आहे, की ओपीडीत एवढी रांग असताना हे कोण विचारत बसणार? सिस्टर भरतील, असं सुचवलं गेलं. सिस्टर म्हणाल्या, आमच्याकडे रजिस्टरं काय कमी आहेत?

तूर्त असं ठरलं आहे, की ज्या पीजीकडे त्या दिवशीची टेबलपाळी असेल, त्यानेच जेवणाच्या सुट्टीआधी वॉर्डात जायचं आणि विचारून यायचं. आजींना विचारणारी ती मुलगी याच पाळीवर होती.