हाडावरचा हिरवा डाग

नमस्कार मंडळी. आज आपण कंबोडियाला चाललोय, पण अंकोर वाटच्या शिखरांकडे नंतर, आधी जमिनीखाली.

तिकडची जुनी दफनं उकरताना कधी कधी मनगटाचं हाड हिरवं निघतं. चक्क हिरवं. कारण त्या हातात ब्राँझचं कडं होतं, ते मातीत दोन-एक हजार वर्षं कळकत राहिलं आणि तांब्याचे क्षार हाडात मुरले. कडं कुणी काढून नेलं तरी डाग तसाच राहतो.

ब्राँझ म्हणजे आपलं कासं, तांबं आणि कथील. नुसतं तांबं साच्यात नीट उतरत नाही, कथील घातलं की ते कमी आचेवर वितळतं, कानाकोपऱ्यात जातं आणि गार झालं की कडक होतं. आणि रंग! आपण म्युझियमच्या काचेआड जो काळपट हिरवा तुकडा बघतो ना, तसा तो कुणी कधी घातलाच नव्हता, नवं कासं सोन्यासारखं पिवळं चमकतं. पुढचं सगळं बघताना हा रंग डोळ्यासमोर असू द्या.

कंबोडियाच्या ख्मेर भाषेत ब्राँझला सम्रित म्हणतात, आणि हा शब्द संस्कृत समृद्धीच्या घरातला. मला हे कळलं तेव्हा आपला कासार आठवला, म्हणजे मूळ शब्द कांस्यकार, कासं घडवणारा, पण आपण बांगड्या भरणाऱ्यालाच कासार म्हणतो. धातू आणि बांगडी दोघंही एकाच शब्दात!

घडवायची पद्धत अशी की आधी मेणाचं कडं करायचं, हवी ती नक्षी मेणाच्या बारीक दोऱ्यांनी चिकटवायची, वरून माती लिंपायची आणि भाजायचं. मेण वाहून जातं, पोकळी राहते, तिच्यात वितळलेला धातू ओतायचा. मग साचा फोडावा लागतो, म्हणजे प्रत्येक नगाला नवा साचा, आणि मेणावर ज्या बोटांनी काम केलं त्यांची सवय त्या एकाच कड्यात उतरते.

आता फुम स्नाय. वायव्य कंबोडियातल्या बांतेय मीनचे प्रांतातलं गाव. साधारण २००० साली रस्त्याच्या कामात इथे लोहयुगातली दफनभूमी उघडी पडली, आणि तज्ज्ञ पोचायच्या आधी खणाखणी सुरू झाली. गरीब गाव, अकीक आणि कार्नेलियन या लालसर दगडाच्या मण्यांना पैसे मिळत होते, त्या लोकांना दोष द्यायला माझी जीभ धजत नाही. २००१ मध्ये रीतसर उत्खनन झालं. कडी, अंगठ्या, घंटा, शेजारी लोखंडी हत्यारं. दक्षिणेकडे प्रे वेंग प्रांतात प्रोहेअरलाही तेच, आधी लूट, मग २००८ पासून उत्खनन, आणि तिथे ब्राँझच्या काही कड्यांवर चक्क म्हशीची डोकी! भातशेती करणारी माणसं, म्हैस म्हणजे घरची दौलत, ती मनगटावर घेऊन मातीत गेली. असं मला तरी वाटतं, कारण त्यांनी लिहून काहीच ठेवलेलं नाही, ख्मेर भाषेतला तारीख असलेला सगळ्यात जुना शिलालेख इ.स. ६११चा, दक्षिण कंबोडियातल्या अंकोर बोरेईचा. त्याच्या आधीच्या माणसांबद्दल विचारायचं तर दागिन्यांनाच विचारावं लागतं, कोणाच्या हातात किती, बाईच्या की पोराच्या, डाव्या की उजव्या. कधी कधी तर त्या कळंकात कापडाचे धागे चिकटून टिकलेले असतात, म्हणजे अंगावर काय नेसलं होतं तेही कडंच सांगतं.

पुढे अंकोरच्या राजांच्या काळात मान सोन्याला मिळाला. १२९६ मध्ये चीनहून आलेला झोउ दागुआन राजाबद्दल लिहितो, गळ्यात टपोरे मोती, हातापायांत सोन्याची कडी, त्यात लसण्या रत्नं जडवलेली. पण ब्राँझ कुठे गेलं नाही, ते देवांकडे गेलं. अंकोर थॉम या त्यांच्या राजधानीत राजवाड्याला लागूनच अकराव्या शतकातला ओतकामाचा कारखाना सापडलाय. आणि १९३६ मध्ये पश्चिम मेबोन मंदिरात मिळालेला शेषशायी विष्णू, अखंड असताना पाच मीटरच्या वर लांब, त्याचा गळ्यातला हार, दंडातले बाजूबंद सगळं ब्राँझमध्येच ओतलेलं, डोळे-भुवया-मिशांच्या जागी खाचा, मौल्यवान जडावासाठी. माणसाचे दागिने देवाच्या अंगाचा भाग झाले! अंकोर वाटच्या भिंतींवरच्या सतराशेहून जास्त देवता बघा, मुकुट, कमरपट्टे, तोडे, जवळून बघितलं तर एकीसारखी दुसरी नाही.

२०२३ मध्ये लंडनहून अंकोरकालीन आणि त्याआधीच्या दागिन्यांचे ७७ नग कंबोडियाला परत आले, मुकुट, हार, पट्टे, खूप सोनं. फार आनंद झाला. पण फुम स्नायची जी कडी मण्यांबरोबर बाजारात गेली, ती उद्या सगळी परत आली तरी कोणाच्या हातातली होती ते आता सांगता येणार नाही. तो हात मागेच राहिला, खणून विस्कटलेल्या मातीत, मनगटाशी हिरवा.