पुनर्विकासाच्या सभेत न विचारले जाणारे प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार. ठाण्यात नौपाड्यापासून नवी मुंबईत वाशीच्या सिडको वसाहतींपर्यंत सध्या पुनर्विकासाच्या सभा चालू आहेत. चटई क्षेत्र किती वाढणार, कॉर्पस म्हणजे विकासकाकडून मिळणारी एकरकमी रक्कम किती, भाडे किती, हे सारे तिथे हिरिरीने विचारले जाते, आणि ते विचारलेच पाहिजे. मात्र नवी भिंत कशाची असेल आणि खिडक्या कोणत्या दिशेला उघडतील, हे क्वचितच कोणी विचारते. पर्यावरणपूरक बांधकामाचा लाभ प्रामुख्याने याच निर्णयांत असतो, आणि नकाशा मंजूर होण्यापूर्वी त्यांतील बरेचसे जवळजवळ फुकट घेता येतात.

पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडते. त्या बाजूला जिना किंवा स्नानगृहे घेतली, खिडक्यांवर पुरेसे रुंद छज्जे ठेवले आणि समोरासमोरच्या खिडक्यांतून वारा खेळू दिला, तर एअर कंडिशनर कमी वेळ चालवावा लागतो. विटांऐवजी औष्णिक वीजकेंद्रांतील राख वापरून केलेले एएसी ब्लॉक, म्हणजे सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे, घेतले, तर उष्णता कमी शिरते. शिवाय ते विटांपेक्षा बरेच हलके असल्याने सांगाड्यावरील भार घटतो, पर्यायाने लोखंड आणि काँक्रीटही वाचते. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटनिर्मितीचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे, हे लक्षात घेता ही बचत किरकोळ नव्हे. अर्थात हे ब्लॉक पाणी शोषतात. आपल्या पावसात बाहेरचा गिलावा निकृष्ट असेल, तर ओल आलीच म्हणून समजा.

पाण्याचा हिशेब तर सोपा आहे. वर्षाला सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस धरला, तर १०० चौरस मीटर गच्चीवर अडीच लाख लिटर पाणी पडते. ते सगळे साठवणे शक्य नसले, तरी बोअरवेलच्या पुनर्भरणासाठी वापरता येते. हे पाणी फ्लशसाठी वापरायचे, तर वेगळी जलवाहिनी मात्र सुरुवातीलाच टाकावी लागते.

सौरऊर्जेबद्दल अवास्तव अपेक्षा नको. उंच इमारतीची गच्ची लहान असते, त्यामुळे प्रत्येक सदनिकेला वीज मिळणार नाही. परंतु लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिव्यांचा बराच भार उचलला जातो, म्हणजे मासिक देखभाल शुल्क आटोक्यात राहते.

माहितीपत्रकावरील ‘ग्रीन’ या शब्दावर विसंबू नये. भिंतीचे साहित्य, छज्ज्यांची रुंदी, दुहेरी जलवाहिनी आणि सौर पॅनेलची क्षमता विकास करारनाम्याच्या परिशिष्टात नमूद करून घ्यावी, आणि सही करण्यापूर्वी सोसायटीने स्वतंत्र वास्तुविशारदाकडून ती तपासून घ्यावी.